पॉप-अप कॅम्परच्या टपावर सोलर: वरून पाणी, आत अंधार

चाकोरीबाहेर | २२ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथले भटकंतीचे धागे नुसते वाचतोय. आज पहिलाच धागा काढतोय आणि तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, पांढरी पाटी. मागच्या हौद्यात चार टर्नबकलवर (पिळून आवळायचे आकडे) आवळलेला राहायचा डबा आहे, वेल्डिंग कुठेही नाही. सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा, वर एफआरपीचा (फायबरचा) टप. टप २.१ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, वजन ४५ किलो (भंगारवाल्याच्या काट्यावर करून घेतलं होतं). टप पुढे, म्हणजे केबिनच्या अंगाला बिजागरीवर आहे आणि मागून उचलला जातो. दोन्ही बाजूंना डिकीचे शॉकर. पूर्ण उघडला की मागची कड ९० सेंमी वर जाते, तीन बाजूंनी कॅनव्हास ताणला जातो आणि मला आत ताठ उभं राहता येतं. पॉप-अप करण्यामागे एकच कारण: आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत पोडियमखाली पार्किंग आहे आणि तिथल्या लोखंडी आडव्या बारखालून उंच डबा गेलाच नसता.

आत १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, ४० लिटरचा फ्रिज, एक टपातला पंखा, दिवे, पाण्याचा छोटा पंप. एप्रिलमध्ये टपावर १०० वॅटची दोन पॅनल बसवून घेतली. ब्रॅकेट धरून एकेक ९ किलो.

आता रडगाणं. फॅब्रिकेटरने पॅनल मागच्या कडेला लावली, कारण मागे जागा मोकळी होती. केबल तिथेच टपाला भोक पाडून खाली घेतली, वर पांढरं सिलिकॉन थापलं. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "हे झाकण मला आता उचलत नाही." आधी ती एका हाताने उचलायची. मी म्हटलं, सवय होईल.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा आम्ही माळशेजला. रात्री दोनला उशीवर थेंब. उशी सरकवली, थेंब कानावर. टॉर्च लावून बघितलं तर सिलिकॉनची कड नखाने निघेल इतकी सुटलेली आणि पाणी केबलचा हात धरून घरात येतंय. सकाळी कंट्रोलरवर (पॅनल आणि बॅटरीच्या मधलं चार्जिंगचं यंत्र) पॅनलचा आकडा शून्य. ढग असतील म्हणून सोडून दिलं. घरी येऊन बघतो तर टप बंद करताना केबल कडेखाली चिमटली गेलेली. काळं आवरण पापडासारखं चपटं, एके ठिकाणी फाटलेलं, आत तांब्याचे केस दिसतायत आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या.

म्हणजे टप जड, गळका, आणि वर पॅनल बंद. पॅनल काढूनच टाकू का? की जागा बदलू? केबल उतरवायची तरी कुठून, जिथे छत रोज वर-खाली होतं? आणि दोन पॅनल सिरीज (एकापुढे एक) जोडायची की पॅरलल (समांतर), यावर दोन इलेक्ट्रिशियननी तीन मतं दिली आहेत.

---

शंकासूर | २२ जुलै, रात्री ११:५८

पहिला! एक बाळबोध शंका. गाडी चालू असते तेव्हा बॅटरी चार्ज होतेच ना? मग मुंबईच्या पावसात टपावर काच घेऊन फिरायची हौस कशाला? (दिवे घ्या.)

---

निवृत्त_फेज | २३ जुलै, सकाळी ६:१०

शंकासूरांची शंका बाळबोध नाही, मुद्द्याची आहे. आधी हिशेब मांडू, मग भोक कुठे पाडायचं ते बघू.

अरे चाकोरी, तुझा फ्रिज साधारण ४५ वॅटचा असणार. आपल्याकडच्या उकाड्यात कॉम्प्रेसर निम्मा वेळ तरी चालतो, म्हणजे दिवसाला ५०० ते ५५० वॅट-तास. पंखा २० वॅट, रात्रभर आठ तास, झाले १६०. दिवे, मोबाइल, पंप मिळून १०० धर. एकूण ८००. तुझी बॅटरी १२.८ गुणिले १००, म्हणजे १२८० वॅट-तास. ऊन नसेल तर दीड दिवस.

आता पॅनल. लेबलवरचे १०० वॅट हे प्रयोगशाळेतले, पॅनलच्या आतली पट्टी २५ अंशाला असतानाचे. मे महिन्यात टपावर तीच पट्टी ६५ अंशांवर जाते आणि २५ च्या वर दर अंशामागे साधारण ०.४ टक्के घट, म्हणजे १६ टक्के तिथेच गेले. शिवाय पॅनल आडवं, वर धूळ आणि कबुतरं. चांगल्या उन्हाचे पाच तास धरले तर २०० वॅटमागे हातात ६५०-७०० वॅट-तास पडतात. पावसाळ्यात याच्या निम्मे मिळाले तरी देवाची कृपा.

उलट गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणारं जनित्र) २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवर डब्यातली बॅटरी बेताने भरणारा, लावलास तर ताशी २५०-२६० वॅट-तास. भंडारदऱ्याला पोचेपर्यंत चार तासांत हजार. पण थेट रिले टाकून दोन्ही बॅटऱ्या जोडू नकोस. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, ती अधाशासारखी करंट ओढते आणि अल्टरनेटर भाजून निघतो. शिवाय बऱ्याच बीएस-६ गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज पाडतो, त्यामुळे तुझी बॅटरी अर्धीच भरेल. डीसी-डीसी हे दोन्ही सांभाळतो.

म्हणून माझं मत: रोज गाडी हलवणार असशील तर आधी डीसी-डीसी. एका जागी दोन-तीन दिवस मुक्काम टाकणार असशील तरच टपावरचं सोलर.

---

चाकोरीबाहेर | २३ जुलै, सकाळी ९:२५

काका, आम्ही दुसऱ्या गटातले. शुक्रवारी रात्री पोचायचं आणि रविवारी दुपारपर्यंत गाडीची किल्ली हातात धरायची नाही, हा घरातला करार आहे. पण गंमत अशी की महिन्यातले पंचवीस दिवस गाडी पोडियमखाली अंधारात असते. तिथे सोलरचा शून्य उपयोग. निघायच्या आदल्या रात्री वॉचमनच्या केबिनमधून २३० व्होल्टची वायर ओढून बॅटरी भरतो आणि सेक्रेटरी दर वेळी विचारतात, "गाडीत कोणी राहायला आलंय का?"

---

सह्यभटकी | २३ जुलै, दुपारी १:०५

मी उलट्या बाजूने बोलते. पॅनल काढून टाका.

माझ्याकडेही छोटा पॉप-अप आहे, पिकअप नाही, व्हॅनवर. मी घडीचं १२० वॅटचं पॅनल घेतलं, सुटकेससारखं मिटतं. पाच मीटर केबल. गाडी आंब्याखाली सावलीत आणि पॅनल उन्हात. तुमचं पॅनल टपावर असेल तर पॅनलला ऊन मिळावं म्हणून स्वतः उन्हात भाजायचं, हे कुठलं शहाणपण? डबा तापला की फ्रिजही जास्त चालणार. आणि तिरपं करून सूर्याकडे फिरवता येतं ते वेगळंच.

टपावर वजन नाही, भोक नाही, गळती नाही. आणि वहिनी म्हणतायत की उचलत नाही, तर "सवय होईल" हे उत्तर नव्हे हो.

---

चाकोरीबाहेर | २३ जुलै, दुपारी १:३०

शेवटचं वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं आहे. धन्यवाद.

---

पक्कड_पाना | २३ जुलै, रात्री १०:१५

दादा, कुर्ल्यात फॅब्रिकेशनचं काम आहे माझं. डबे फार केले नाहीत, टेम्पोच्या बॉड्या पुष्कळ केल्यात. तुमच्या माणसाने पॅनल घराच्या गच्चीवर बसवतात तसं बसवलं. गच्ची उघडत नाही, एवढंच तो विसरला.

तुमचा टप म्हणजे एका बाजूला बिजागरी असलेलं झाकण. वजन किती आहे यापेक्षा ते बिजागरीपासून किती लांब आहे ते बघा. नुसता टप ४५ किलो, त्याचा मध्य बिजागरीपासून १.०५ मीटरवर. शॉकर काढून मागच्या कडेला धरून उचलला तर हाताला साडेबावीस किलो लागणार. आता पॅनल मागे आहेत, मध्य धरा दीड मीटरवर. १८ किलो तिथे टाकले की हाताला जवळजवळ १३ किलो वाढले. तीच पॅनल पुढे, बिजागरीला लागून आणा. दोन्ही शेजारी शेजारी उभी टाकली तर रुंदी १.३५ मीटर होईल, तुमच्या दीड मीटरमध्ये बसतात. मध्य ६० सेंमीवर येतो आणि हाताला फक्त ५ किलो वाढतात. वजन तेच, पैसे शून्य.

भोक पाडायच्या आधी पाण्याच्या कॅनने करून बघा. ९-९ लिटर भरा, टपावर दोरीने बांधा, मागून बॅगा तोलायच्या काट्याने उचला. माझ्या शब्दावर जाऊ नका.

शॉकरच्या नळीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, दहाने भागलं की साधारण किलो. नवीन घेताना फार जास्त आकड्याचा घेऊ नका, नाहीतर टप बंद करताना लटकावं लागेल आणि हायवेवर कडीवर सगळा ताण. अजून एक, शॉकरमध्ये गॅस असतो, थंडीत त्याचा दाब पडतो. मुंबईत ३५ अंशाला जेमतेम टप तोलणारा शॉकर ५ अंशाला दहा टक्के कमी पडेल. म्हणून टेकूचा दांडा ठेवाच.

पॅनल पुढे आणलं की वारा थेट त्याच्या पोटात शिरतो. खाली ३-४ सेंमी हवा खेळायला जागा हवीच, ती बंद केली तर काका म्हणतात ती गरमी वाढेल. पण पुढच्या कडेला तिरपी ॲल्युमिनियमची पट्टी लावा, वारा वरून जाऊ द्या. एफआरपीत सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारू नका, गाडीच्या थरथरीने आठवड्यात ढिले होतात. आरपार बोल्ट, आतून ॲल्युमिनियमची प्लेट. तुमच्या टपात एफआरपीच्या दोन थरांमध्ये प्लाय असेल तर भोक मोठं पाडून प्लाय थोडा कोरून काढा, इपॉक्सी भरा, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टचं भोक पाडा. पाणी शिरलंच तर प्लायपर्यंत पोचत नाही.

आणि ते पांढरं बाथरूमचं सिलिकॉन खरवडून टाका, शेवटचा कण निघेपर्यंत. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही. पॉलियुरेथेन सीलंट वापरा, गाडीच्या काचा बसवतात तसलं. रोज साधारण ३ मिमी आतपर्यंत पक्कं होतं, लगेच गाडी काढू नका.

---

वाचनमात्र_वैद्य | २३ जुलै, रात्री १०:४०

+१. वाचनखूण साठवली. माझ्याकडे ना पिकअप ना डबा, पण हा धागा सोडवत नाही.

---

नाखवा_वेसावे | २४ जुलै, सकाळी ७:३०

आमच्या होडीवर दिव्यांसाठी पॅनल आहे, आज सहावं वर्ष. समुद्रावर जे टिकतं ते माळशेजला टिकेलच.

पाणी केबलवरून चालत आत येतं, बरोबर बघितलंत. म्हणून केबलला आत शिरण्याआधी पोट द्यायचं. म्हणजे आधी खाली लोंबवायची आणि मग वर वळवून भोकात घालायची. पाणी पोटापाशी गळून जातं, चढाव चढत नाही. आणि भोक कधी माथ्यावर पाडायचं नाही. भिंतीला पाडा, तेही वळचणीखाली. तिथे केबल ग्लँड बसवा, नट आवळला की रबर केबलला घट्ट धरतं.

पॅनलची फ्रेम ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचा, मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. नायलॉनचा वॉशर टाका. बोल्ट ३०४ नको, ३१६ घ्या. दिसायला दोन्ही सारखेच, नागदेवीच्या बाजारात मागताना आकडा सांगून मागा. कोकणात उतरता ना तुम्ही? मग लागणारच.

एमसी-फोरचे, म्हणजे पॅनलच्या केबलचे, कनेक्टर नर-मादी एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात खरे, पण आत नीट भिडत नाहीत, गरम होतात. माझा एक वितळला होता.

---

शंकासूर | २४ जुलै, सकाळी ९:००

ती केबल चिमटून दोन्ही तारा चिकटल्या म्हणजे शॉर्ट झालं ना? मग आग कशी नाही लागली? फ्यूज उडाला का?

---

निवृत्त_फेज | २४ जुलै, सकाळी ९:५०

चांगला प्रश्न. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर धावतात आणि वायर पेटते. पॅनलचं तसं नाही. १०० वॅटचं पॅनल थेट शॉर्ट केलं तरी सहा अँपिअरच्या आसपास देतं, त्याच्या पलीकडे त्याच्यात दमच नाही. दोन पॅरलल म्हणजे बारा. ४ चौरस मिमीची वायर तेवढं सहज पेलते. म्हणून याचं नुसतं चार्जिंग बंद पडलं. हेच कंट्रोलर ते बॅटरी या तुकड्यात झालं असतं तर हा धागा वेगळ्या विभागात निघाला असता. त्या तुकड्यात बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून, वीतभर अंतराच्या आत फ्यूज आहे का? आधी ते सांग. आणि कंट्रोलर कुठला?

---

चाकोरीबाहेर | २४ जुलै, दुपारी ४:१५

फ्यूज आहे, ३० चा, पण बॅटरीपासून दीड मीटरवर, कपाटात. "दिसायला नीट दिसतो" म्हणून तिथे लावला होता. हलवतो.

कंट्रोलरवर मोठ्या अक्षरात एमपीपीटी लिहिलंय.

---

निवृत्त_फेज | २४ जुलै, सायंकाळी ५:००

लिहायला काय जातं. खात्री अशी कर: भर उन्हात, बॅटरी अर्धी रिकामी असताना पॅनलकडून येणारा करंट मोज आणि बॅटरीत जाणारा मोज. क्लॅम्प मीटर डीसीचा हवा, घरगुती एसीवाला चालणार नाही. दोन्ही आकडे सारखे आले तर आत पीडब्ल्यूएम (साधा कंट्रोलर) आहे, डब्यावर काहीही छापलेलं असो. खरा एमपीपीटी पॅनलचे १८ व्होल्ट घेतो, १३ ला उतरवतो आणि त्या बदल्यात करंट वाढवून देतो. पीडब्ल्यूएम पॅनललाच बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचतो. ११ अँपिअर गुणिले १३, म्हणजे १४३ वॅट. तुझ्या २०० मधले पन्नासेक तिथेच गेले.

सिरीज की पॅरलल, त्याचंही सांगून टाकतो. ४ चौरस मिमीच्या वायरला मीटरमागे साधारण ५ मिलिओहम. टपापासून कंट्रोलर सहा मीटर, जाऊन-येऊन बारा, म्हणजे ०.०६ ओहम. पॅरलल जोडलीस तर ११ अँपिअर धावतात, वायरीत ०.६६ व्होल्ट पडतात आणि सातेक वॅट वाया. सिरीजमध्ये ५.५ अँपिअर, फुकट जातात फक्त दोन वॅट. त्यामुळे मी सिरीज म्हणेन. एकच अट, दोन पॅनलचं उघडं (काहीच न जोडता मिळणारं) व्होल्टेज ४४-४५ होतं आणि थंडीत वाढतं. कंट्रोलर ७५ व्होल्ट तरी सोसणारा हवा.

---

सह्यभटकी | २४ जुलै, सायंकाळी ७:२०

काका, पाच वॅटसाठी सिरीज? टपात पंखा आहे, त्याची टोपी उभी राहते, सावली पडणारच. झाडाची फांदी, छत्रीचं टोक, वाळत घातलेला टॉवेल. सिरीजमध्ये एका पॅनलवर सावली आली की त्या जोडीचं गणित बिघडतं. पॅरललमध्ये दुसरं निवांत चालू राहतं. कॅम्पवर पूर्ण उघडं आकाश किती वेळा मिळतं हो?

---

निवृत्त_फेज | २४ जुलै, रात्री ८:०५

पॅनलमध्ये बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून करंटला वाट देतात, सगळं बंद पडत नाही. पण मान्य. कागदावर मी बरोबर, झाडाखाली तू बरोबर. पॅरलल जोडा.

---

कलम_बावन्न | २५ जुलै, सकाळी ११:३०

थोडं अवांतर, पण कोणी काढलं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे: आरसीवर नोंदलेले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. तुमचा डबा टर्नबकलवर आहे, काढता येतो, ही चांगली गोष्ट. पॅनल डब्यावरच ठेवा, केबिनच्या पत्र्याला किंवा चॅसीला भोकं पाडू नका. डीसी-डीसीसाठी गाडीच्या मूळ वायरिंगला कापाकापी नको, बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज टाकून वायर आणा. आणि विमा कंपनीला लेखी कळवा, तोंडी नको.

---

ठोकळेबाज | २५ जुलै, दुपारी १२:१०

पॅनलने उंची किती वाढली ते मोजलंत का? माझ्या मित्राने कॅरिअर लावलं आणि विसरून मॉलच्या बेसमेंटमध्ये शिरला. कॅरिअर बाहेर राहिलं, मित्र आत.

---

चाकोरीबाहेर | २५ जुलै, दुपारी १२:४०

सहा सेंमी वाढली. पोडियमच्या बारखाली आता चार बोटं उरतात. डॅशबोर्डवर उंची लिहून चिकटवली आहे.

सगळ्यांचे आभार. पाऊस संपेपर्यंत काही फोडाफोडी करत नाही. दिवाळीनंतर कळवतो.

---

चाकोरीबाहेर | २८ डिसेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला, पण काम झालंय आणि कालच भंडारदऱ्याहून परत आलो.

आधी कॅनचा प्रयोग. शॉकर सोडवून, बॅगेच्या काट्याने मागची कड उचलली. नुसता टप २३ किलो, कॅन मागे ३५, कॅन पुढे २८. पक्कड_पाना, तुम्ही लिहिलं होतं त्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नाही. बायको शेजारी उभी राहून आकडे लिहून घेत होती. ३५ आला तेव्हा तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

कंट्रोलरचीही परीक्षा घेतली. आत १०.१, बाहेर १०.१. काका, पीडब्ल्यूएमच निघाला. लॅमिंग्टन रोडवरून नवीन आणला, या वेळी दुकानातच बॅटरी आणि पॅनल लावून दोन आकडे वेगळे येतात ते बघितलं. जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, आणि काढताना उलटं, हे दुकानदाराने दोनदा बजावलं.

पॅनल आता बिजागरीला लागून, पॅरलल. प्लाय कोरणं, इपॉक्सी, आतून प्लेट, ३१६ चे बोल्ट, नायलॉन वॉशर, सगळं तुम्ही सांगितलं तसं. जुनं भोक फायबर मॅट आणि रेझिनने बुजवलं. सिलिकॉन खरवडायला मात्र अख्खा रविवार गेला, बोटांची सालं निघाली.

आणि ज्यासाठी धागा काढला ती केबल. उत्तर बिजागरीतच होतं. टप मागे ९० सेंमी हलतो, पण बिजागरीजवळ तो हलतच नाही, नुसता वळतो. पॅनल पुढे आल्यावर केबलही तिथूनच उतरवली. टपाच्या बाजूने खाली, वीतभर सैल वळसा, मग नाखवांचं पोट, मग डब्याच्या बाजूच्या भिंतीत वळचणीखाली ग्लँड. टप उघडताना तो वळसा हाताने धरून बघितला, दोन बोटं इकडचा तिकडे होतो, बस्स. कॅनव्हास लांब, कड लांब. टपाला आता केबलचं एकही भोक नाही. सोसायटीच्या पाइपने अर्धा तास पाणी मारलं, आत टिश्यू पेपर चिकटवून ठेवले होते, सगळे कोरडे.

सह्यभटकीताई, तुमचं सावलीचं म्हणणं डोक्यात होतंच. पण टप उघडला की तो २५ अंशांनी पुढे उतरता होतो. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो. गाडीचं नाक दक्षिणेला करून टप उघडला की पॅनल आपोआप त्याच्याकडे तोंड करतं. शनिवारी दुपारी टप बंद असताना १२२ वॅट येत होते, उघडल्यावर १५१. मे महिन्यात याचा उपयोग नाही, तेव्हा मुंबईत सूर्य डोक्यावर येतो. तेव्हासाठी तुमच्यासारखं घडीचं पॅनल घेईन म्हणतो, एक जादा सॉकेट भिंतीत काढून ठेवलंय.

आता जे चुकलं ते. टेकूचा दांडा केला नाही. नवीन शॉकर मुंबईत झकास चालले, बायकोने पुन्हा एका हाताने टप उचलला, म्हणून मी निर्धास्त. भंडारदऱ्याला पहाटे पाचच्या सुमाराला नाकाला काहीतरी गार लागलं. आधी वाटलं स्वप्न. डोळे उघडले तर कॅनव्हास तोंडावर आणि टप हळूहळू, अगदी शिस्तीत खाली येतोय. वर दव साचलं होतं, त्याचंही वजन असेल. मी पाठीवर झोपून दोन्ही पायांनी टप तोलून धरला आणि बायकोने झाडू उभा करून टेकू दिला. सूर्य वर येईपर्यंत झाडूवर होतो.

---

पक्कड_पाना | २८ डिसेंबर, रात्री १०:४५

लिहिलं होतं दादा, शब्द न् शब्द.

---

चाकोरीबाहेर | २८ डिसेंबर, रात्री १०:५०

लिहिलं होतंत. आज सकाळीच इंचाचा पाइप कापून आणलाय, दोन्ही टोकांना रबराचे बूच. डब्यात गादीखाली ठेवलाय.

---

शंकासूर | २८ डिसेंबर, रात्री ११:०५

आणि झाडू?

---

चाकोरीबाहेर | २८ डिसेंबर, रात्री ११:०७

तोही ठेवलाय. पॅनलवरची कबुतरांची घाण त्यानेच काढतो, काचेवर ओरखडे नकोत म्हणून पुढे ओलं फडकं बांधून.